फुप्फुसाचे दार नाकात उघडते

नाक चोंदते म्हणून मी ज्या वैद्यांकडे गेले, त्यांनी पहिली दहा मिनिटे माझ्या नाकाकडे पाहिलेसुद्धा नाही. जेवण पचते का, पोट रोज साफ होते का, रात्री पाय गार पडतात का, तहान लागल्यावर गार पाणी प्यावेसे वाटते की कोमट, झोपेतून किती वेळा जाग येते, असे प्रश्न ते एकामागून एक विचारत होते आणि माझी मोडकीतोडकी कोरियन उत्तरे संगणकात टिपून घेत होते. मग त्यांनी दोन्ही मनगटांवर बोटे ठेवून नाडी पाहिली, जीभ बाहेर काढायला सांगितली, बेंबीच्या वर हलकेच दाबून पाहिले आणि अगदी शेवटी छोटा दिवा लावून नाकपुड्यांत डोकावले. "सूज आहे," ते म्हणाले, "पण नाक म्हणजे दार. दार अडकायला लागले की घरात काय चालले आहे ते आधी पाहावे लागते."

दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात मी राहते त्याला आता सहावे वर्ष सुरू आहे. सर्दीपडशाची देणगी मी पुण्याहूनच घेऊन आले होते. पावसाळा सुरू झाला की सकाळी उठल्याबरोबर दहा-बारा शिंका हा आमच्या घरातला गजरच होता. मात्र इथल्या हिवाळ्याने त्या पडशाचे रूपच बदलले. बाहेर शून्याखाली पाच-सहा अंश आणि घरात 'ओंदोल', म्हणजे जमिनीखालून खेळवलेल्या गरम पाण्याची ऊब. पाय सुखावतात, पण हवा इतकी कोरडी होते की सकाळी नाकाच्या आत खपली धरलेली असते. वसंतात गोबीच्या वाळवंटाकडून येणारी पिवळी धूळ, तिच्या जोडीला ओक आणि बर्चचे परागकण, शरद ऋतूत रानवेलींचे परागकण. नाकाच्या आतल्या सुजेच्या विकाराला इथे 'बियॉम' म्हणतात, आणि हा शब्द कार्यालयात, बसमध्ये, शाळेच्या फाटकापाशी इतक्या वेळा कानावर पडतो, की परक्या माणसाला तो हवामानाच्या अंदाजाचाच एक भाग वाटावा.

मी केलेली चूक आधी कबूल करते. औषधाच्या दुकानात सहज मिळणारा, नाक झटक्यात मोकळे करणारा फवारा मी चार-पाच दिवसांऐवजी चार-पाच महिने वापरला. या फवाऱ्यांनी नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि सूज उतरते. पण दिवसेंदिवस मारा चालू ठेवला की अंमल ओसरताच त्या पूर्वीपेक्षा जास्त फुगतात, नाक अधिक चोंदते, आणि माणूस पुन्हा त्याच बाटलीकडे हात नेतो. माझ्या उशीखाली एक, पर्समध्ये एक आणि प्रयोगशाळेच्या खणात एक अशा तीन बाटल्या होत्या. रात्री तोंड उघडे टाकून झोपणे, सकाळी घशाला कोरड, दिवसभर डोके जड हे सगळे मी वयाच्या आणि कामाच्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते. 'नाक दाबले की तोंड उघडते' ही म्हण आपण दुसऱ्याला वठणीवर आणण्यासाठी वापरतो. माझ्या बाबतीत ती शब्दशः खरी झाली होती, आणि ते माझ्या ध्यानातही आले नव्हते.

अशा वेळी एका सहकारी बाईंनी मला 'हानुइवॉन'मध्ये नेले. हानुइवॉन म्हणजे पारंपरिक कोरियन वैद्यकाचा दवाखाना. हा जडीबुटीवाल्याचा गाळा नव्हे, हे सांगायला हवे. इथला वैद्य सहा वर्षांचा विद्यापीठीय अभ्यासक्रम आणि राष्ट्रीय परवाना परीक्षा यांतून आलेला असतो, त्याचे सुया टोचण्याचे उपचार (अ‍ॅक्युपंक्चर) राष्ट्रीय आरोग्य विम्यात १९८७ पासून आहेत, आणि २०२४ पासून ज्या आजारांच्या काढ्यांना विम्याचा प्रायोगिक आधार मिळू लागला त्यांत अ‍ॅलर्जीच्या सर्दीचाही समावेश आहे. या वैद्यकाला कोरियनमध्ये 'हानुइहाक' म्हणतात. त्यातल्या 'हान'चे चिनी अक्षर पूर्वी चीनच्या हान वंशाचे होते. १९८६ मध्ये कायद्याने ते बदलून त्याच उच्चाराचे कोरियाचे अक्षर बसवले. कानाला काहीच फरक नाही, पण कागदावर अख्ख्या शास्त्राचे माहेर बदलले.

त्या दवाखान्यातल्या 'दार' शब्दाने मला छळले, म्हणून मी वाचायला बसले. कोरियन वैद्यकाचा आधारग्रंथ म्हणजे 'दोंगुई बोगाम'. सोन्जो राजाच्या आज्ञेवरून राजवैद्य हॉ जुन याने तो १५९६ मध्ये हाती घेतला. पुढच्याच वर्षी जपानी फौजा दुसऱ्यांदा चालून आल्या आणि बरोबरचे वैद्य पांगले. राजा १६०८ मध्ये वारला, त्याचा ठपका ठेवून हॉ जुनला हद्दपार केले गेले, तरी १६१० मध्ये त्याने ग्रंथ पुरा केला आणि १६१३ मध्ये पंचवीस खंडांत तो छापला गेला. २००९ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्यांच्या यादीत त्याची नोंद केली. त्यात नाकाचे प्रकरण शरीराच्या बाह्यांगांच्या भागात येते, आणि त्याच्या आरंभीच नाकाला 'प्राणाची झोपडी' म्हटले आहे: चैतन्य जिथून आत-बाहेर करते ते दार. चोंदलेले नाक म्हणजे फुप्फुसाचा विकार, असेही तिथे बजावले आहे.

यामागची मांडणी मूळची प्राचीन चिनी वैद्यकातली आहे. प्रत्येक प्रमुख अवयवाला चेहऱ्यावर एकेक खिडकी असते: यकृताला डोळे, मूत्रपिंडाला कान, हृदयाला जीभ, प्लीहेला तोंड आणि फुप्फुसाला नाक. फुप्फुसाची सत्ता त्वचेवर आणि अंगावरच्या लवेवरही चालते, म्हणून गार वारा अंगाला लागला की पहिली वर्दी नाकाला मिळते. याच मांडणीत श्वास हे एकट्या फुप्फुसाचे काम नाही. उच्छ्वास वरचे अवयव करतात, पण आत घेतलेला श्वास खाली खेचून धरून ठेवायचे काम मूत्रपिंडाचे, आणि या देवघेवीला लागणारी शक्ती अन्नातून, म्हणजे पोट आणि प्लीहेकडून येते. पाय गार पडतात का आणि जेवण पचते का, हे प्रश्न वैद्यांनी का विचारले ते मला इथे कळले. त्यांच्या हिशेबी माझे फुप्फुस उपाशी होते, कारण पोटाकडून त्याला पुरवठा होत नव्हता, आणि उपाशी राखणदार दारावर उभा असला की येणाऱ्या प्रत्येक वाऱ्याला तो दचकणारच.

इथे मला आयुर्वेदाचार्य वाग्भट आठवला नसता तरच नवल. 'नासा हि शिरसो द्वारम्', नाक हे डोक्याचे दार, असे त्याच्या अष्टांगहृदयात आहे, आणि त्याच आधारावर माझी आजी आम्हा मुलांना आडवे पाडून नाकात साजूक तुपाचे दोन-दोन थेंब सोडायची. दोन्ही परंपरांनी नाकाला दारच म्हटले आहे. फक्त एकीचे दार वर डोक्याकडे उघडते, तर दुसरीचे खाली छातीकडे. म्हणून आयुर्वेदात नाक ही औषध आत घालण्याची वाट झाली, आणि कोरियात ते मुख्यतः आतली खबर बाहेर सांगणारे ठिकाण राहिले. मला स्वतःला कोरियन दिशा श्वासाच्या बाबतीत अधिक पटते, कारण आधुनिक शरीरशास्त्रही आता नाक आणि फुप्फुस यांना एकाच मार्गाची दोन टोके मानते. दम्याच्या बहुतेक रुग्णांना नाकाचाही त्रास असतो, आणि नाकाच्या सुजेकडे दुर्लक्ष केले तर दमा आटोक्यात ठेवणे अवघड जाते. आत जाणाऱ्या हवेला होणाऱ्या विरोधापैकी निम्म्याच्या आसपास विरोध एकटे नाक करते. बाहेरची गोठवणारी हवा घशापर्यंत पोचेतो तीस अंशांच्या वर तापते आणि ओलाव्याने जवळपास भरून निघते. नाकाभोवतीच्या पोकळ्यांमध्ये नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि श्वासाबरोबर खाली जाऊन फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करतो, ही गोष्ट तर १९९० च्या दशकात लक्षात आली. तोंडाने श्वास घेणाऱ्याला यातले फारसे काही मिळत नाही. फुप्फुस उपाशी राहिल्याने शिंका येतात हे मी मानत नाही; पण नाकाची डागडुजी छातीकडे पाहून करावी, एवढे मला मान्य आहे.

जुने ग्रंथ नाकाच्या दुखण्यांना जी नावे देतात तीही मला आवडली. पातळ, पाण्यासारखे गळणारे नाक म्हणजे 'बिगु', आणि ते थंडीचे लक्षण. नुसते चोंदणे म्हणजे 'बिसेक'. आणि घट्ट, पिवळट, वास येणारा शेंबूड म्हणजे 'बियोन', शब्दशः 'नाकातला डोह'. पित्ताशयाची उष्णता मेंदूकडे सरकली की हा डोह साचतो, असे जुने वचन आहे. ज्याला सायनसच्या दुखण्याने कपाळ ठणकण्याचा अनुभव आहे त्याला 'डोह' या शब्दाची दाद द्यावीच लागेल. खाली वाकले की तो डोह डोक्यात हिंदकळतो. मात्र शेंबडाच्या रंगावरून थंडी-उष्णता ठरवणे मला धोक्याचे वाटते, कारण साध्या विषाणूच्या सर्दीतही चौथ्या-पाचव्या दिवशी तो पिवळा होतोच. ताप, चेहऱ्याच्या एकाच बाजूला दुखणे, दहा दिवसांनंतरही उतार नसणे, एकाच नाकपुडीतून रक्त येणे, यांपैकी काही असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञच गाठावा. माझ्या वैद्यांनीही पहिल्याच दिवशी मला तिकडे पाठवले आणि नाकाचे हाड व पोकळ्या तपासून आल्यावरच सुया टोचल्या.

सुयांची खोली म्हणजे पडद्यांनी विभागलेल्या आठ खाटा. खाटेवर गरम गादी असते, त्यामुळे बाहेरून कुडकुडत आलेल्या माणसाचे अर्धे दुखणे पाठ टेकताच हलके होते. सुईचे श्रेय ठरवताना ही गादी विसरू नये, असे मी मैत्रिणींना सांगत असते. सुई केसाइतकी बारीक. पहिली बसली ती नाकपुडीच्या कडेला, गालाची घडी सुरू होते तिथे. या बिंदूचे नाव 'यंगह्यांग', म्हणजे 'सुगंधाचे स्वागत'. इथे खरोखर डोळ्यांतून पाणी येते. टोचल्याचे दुखणे क्षणाचे, पण मागोमाग नाकाच्या मुळापर्यंत एक ठणका चढतो आणि शिंक येईल-येईलसे वाटत राहते. दुसरी दोन भुवयांच्या मध्ये, आपण कुंकू लावतो तिथे. या जागेचे नावही 'मोहोर उमटवण्याचे दालन' अशा अर्थाचे आहे. तिसरी हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्यात, 'हापगोक' नावाच्या बिंदूवर. हा बिंदू मोठ्या आतड्याच्या मार्गिकेवरचा, म्हणजे त्या अवयवाची प्राणशक्ती जिथून वाहते असे मानतात त्या वाटेवरचा. हीच मार्गिका हातावरून वर चढत नाकपुडीशी संपते, आणि मोठे आतडे फुप्फुसाचे जोडीदार मानले जाते. पोट साफ होते का, या प्रश्नाचा धागा इथे जुळला. वरून तांबडा दिवा सोडून परिचारिका पडदा ओढून गेली. पंधरा मिनिटे मी हलले नाही, आणि सातव्या-आठव्या मिनिटाला उजवी नाकपुडी 'टक्' असा बारीक आवाज करून उघडली. आडवे पडल्यावर नाकपुड्या आपापसांत पाळी बदलतात, हे मला ठाऊक होते, त्यामुळे मी लगेच चमत्कार मानायला तयार नव्हते. पण डावी बंद न पडता उजवी उघडली, हेही खरे होते. विम्यासह त्या दिवशी मी आठ हजार वॉन भरले.

काढा मात्र विचारपूर्वक घ्यावा. पातळ गळणाऱ्या नाकासाठी सगळ्यांत प्रसिद्ध योग म्हणजे 'सोचंग्न्योंगतांग', 'छोट्या निळ्या ड्रॅगनचा काढा'. आठ द्रव्ये: माहुआंग (इफेड्रा ही वनस्पती), दालचिनीच्या कुळातल्या झाडाची डहाळी, सुंठ, ज्येष्ठमध, ओमिजा नावाची पाच चवींची आंबट फळे आणि आणखी तीन मुळे-कंद. यातली सुंठ, दालचिनी आणि ज्येष्ठमध पाहून मराठी माणसाला घरच्या काढ्याची आठवण येईल आणि तो निर्धास्त होईल. नेमके तिथेच सावध राहायचे. माहुआंगमध्ये इफेड्रिन असते, आणि नाक मोकळे करणाऱ्या ज्या गोळ्या आपण दुकानातून आणतो त्यांतले द्रव्य याच कुळातले. म्हणजे ड्रॅगन नाक उघडतो यात गूढ काही नाही, आणि तो रक्तदाब वाढवतो, छाती धडधडवतो, झोप उडवतो यातही नाही. माझा रक्तदाब काठावरचा निघाला म्हणून वैद्यांनी तो टाळला आणि ह्वांगी, पांढरे कंद व बांगपुंग या मुळा-कंदांचा 'जेड रत्नाचा पडदा' नावाचा सौम्य योग दिला. नावातच उद्देश आहे: वारा अडवणारा पडदा. चांदीच्या रंगाच्या पिशव्यांत बंद केलेला तो तपकिरी काढा गरम पाण्यात बुडवून, कोपरा कापून, उभ्या-उभ्याच प्यायचा. चव मातीची, किंचित गोडसर, आणि मागे रेंगाळणारी.

प्रकृतीच्या चार प्रकारांचा विषय थोडक्यात आटोपते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ई जे-मा या वैद्याने माणसांचे चार गट पाडले. त्यांतल्या 'तेउमिन' गटाचे यकृत बलवान आणि फुप्फुस दुबळे, म्हणून त्यांना श्वसनाचे विकार जास्त, असे त्याचे म्हणणे. आपल्या वात-पित्त-कफाशी हे जुळवून पाहायचा मोह होतो. पण मला एका वैद्यांनी एका गटात बसवले आणि दुसऱ्यांनी दुसऱ्याच, त्यामुळे माझा तिथला मुक्काम फार लांबला नाही.

औषधापेक्षा पथ्याचा भाग मला जास्त लागू पडला. 'अंगाला गारठा आणि पोटात गार पेय, यांनी फुप्फुस दुखावते' हे वचन दोंगुई बोगाममध्येही आले आहे, आणि तो ग्रंथ ज्या देशात लिहिला गेला त्याच देशात आज भर जानेवारीत तरुण मंडळी बर्फ घातलेली कॉफी हातात घेऊन हिंडतात. त्यांच्यासाठी 'थंडीने मेलो तरी बर्फाचीच' अशा अर्थाचा एक जोडशब्दही रूढ आहे. माझे वैद्य या विषयावर बोलायला लागले की थांबत नसत. मी बर्फ सोडला. नाकावर त्याचा काय परिणाम झाला ते देव जाणे, पण पोट सुधारले. दुसरे पथ्य ओलाव्याचे. फुप्फुसाला ओल प्रिय आणि कोरडेपणाचे वावडे, म्हणून झोपायच्या खोलीत ओला पंचा वाळत घालायचा. घरातली हवा ओलसर करणारी यंत्रे इथे घरोघरी असतात, पण त्या यंत्रांच्या पाण्यात घालायच्या जंतुनाशकांनी फुप्फुसे निकामी होऊन लहान मुले आणि गर्भवती बायका दगावल्याचे २०११ मध्ये उघड झाल्यापासून कित्येक घरांत अजूनही पंचावरच जास्त विश्वास आहे. ती उत्पादने १९९४ पासून विकली जात होती. श्वासातून आत जाणारे पाणी प्यायच्या पाण्याइतकेच निके असावे, हे शिकायला इतकी वर्षे आणि इतके जीव लागले. माझ्याकडचे यंत्र रोज धुऊन, पुसून, उघडे वाळवले जाते; तेवढे करणे होत नसेल तर पंचा बरा.

आणि मग ते नाक चोळणे. दोंगुई बोगामच्या नाकाच्या प्रकरणात सांगितले आहे की मधल्या बोटांनी नाकाच्या दांड्याच्या दोन्ही बाजू वीस-तीस वेळा चोळाव्यात, आत-बाहेर ऊब येईपर्यंत. याला 'मधल्या पर्वताला पाणी देणे' म्हणतात, आणि त्याने फुप्फुस ओलावते. चेहऱ्यावर पाच पर्वत कल्पिले आहेत, त्यांत नाक मधला. तळहात एकमेकांवर घासून बोटे गरम करायची, दोन्ही मधली बोटे डोळ्यांच्या कोपऱ्यापासून नाकपुड्यांच्या कडेपर्यंत खाली आणायची, पुन्हा वर न्यायची, आणि तोंड मिटलेले ठेवायचे. या शेवटच्या अटीमुळे मला पहिल्यांदा कळले की मी बसची वाट पाहत असतानासुद्धा तोंडाने श्वास घेत होते. याच प्रकरणात नाकातले केस नेहमी काढून टाकावेत, प्राणाच्या वाटेत ते नकोत, असाही सल्ला आहे; तो मात्र पाळू नये. ते केस धूळ अडवतात, आणि ओढून काढले तर मुळाशी पू होतो. चारशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथाशी एवढे भांडण चालायचेच.

फवारा सुटायला तीन आठवडे लागले. आधी एका नाकपुडीचा बंद केला, मग दुसरीचा. मधल्या काळात तज्ज्ञांनी दिलेला सौम्य स्टेरॉइडचा फवारा, मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि आठवड्यातून दोनदा सुया असे सगळे एकदमच चालू होते, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचे याचा निवाडा मी करू शकत नाही. पहिल्या पाच रात्री वाईट गेल्या. सहाव्या रात्री मी पहाटे जागी झाले तेव्हा तोंड मिटलेले होते, आणि कित्येक महिन्यांनी मला ओंदोलवर तापलेल्या कागदी फरशीचा वास आला.

आमच्या संस्थेच्या आवारात मॅग्नोलियाची झाडे आहेत. फेब्रुवारीत, बर्फ पुरता वितळलेला नसताना, त्यांच्या निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना राखाडी लव असलेल्या कळ्या उभ्या असतात, अगदी कुंचल्यासारख्या. हॉ जुनने औषधांच्या चिनी नावांपुढे लोकांच्या बोलीतली नावे कोरियन हंगुल लिपीत दिली आहेत, आणि या कळीचे त्याने दिलेले नाव 'कुंचल्याचे फूल' असेच आहे. 'शिनी' या नावाने ती नाकाच्या कितीतरी काढ्यांत पडते. मात्र वापरण्याआधी तिच्यावरची लव काढावी लागते, नाहीतर ती लव फुप्फुसात शिरून खोकला काढते, असा जुन्या वैद्यांचा इशारा आहे. आजही काढा करताना ती फडक्यात बांधून टाकतात. कळी खुडायची ती उमलण्याआधीच, कारण फूल उघडले की ती औषधातून बाद. परवा त्या झाडाखाली उभी राहून मी मधली बोटे नाकावर चोळत होते, तेव्हा आमच्या आवारातली झाडलोट करणाऱ्या आजी शेजारी येऊन थांबल्या. वर बघत त्यांनी विचारले, "बियॉम?" मी मान हलवली. त्यांनी हातमोजे काढले आणि माझी बोटे धरून थोडी खाली, सुगंधाच्या स्वागताच्या जागेवर, नीट ठेवून दिली.